आयईएमच्या ग्राफवर कितपत विसंबायचं? मोनो रेकॉर्डिंगमध्ये तानपुरा उजवीकडे सरकतोय

तारसप्तक_इंदूर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे पण अर्धवट सांगितला तर कळणार नाही म्हणून सगळंच लिहितो.

मी इंदूरला असतो, गाणं शिकतोय, आणि रात्री घरचे झोपल्यावर ऐकायला म्हणून तीन महिन्यांपूर्वी एक आयईएम, म्हणजे इन-इअर मॉनिटर, कानात खोचायचा इअरफोन घेतला. हायब्रिड आहे, म्हणजे आत दोन जातींचे ड्रायव्हर, आवाज काढणारे भाग: खालच्या सुरांना एक डायनॅमिक आणि वरच्या सुरांना दोन बॅलन्स्ड आर्मेचर (बीए). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. घेण्याआधी पंधरा दिवस नुसते फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचे, म्हणजे कुठला सूर किती जोरात येतो त्याचे ग्राफ बघत बसलो होतो आणि तिथंच पहिला गोंधळ झाला. एका साइटवर या मॉडेलला ८ किलोहर्ट्झवर चांगला उंच सुळका दिसतो, दुसरीकडे ८ ला जवळजवळ सपाट आणि सुळका पुढं साडेनऊला. ८ पाशी दोन्हींत ६ डेसिबलचा फरक! खाली ५० हर्ट्झलाही फरक आहे, थोडा कमी. मॉडेल तेच आणि मापं दोन? वाण्याकडून किलोभर साखर आणली आणि घरच्या काट्यावर आठशे ग्रॅम भरली तर आपण लगेच पिशवी घेऊन परत जातो ना, मग इथं कुणाचा काटा खरा मानायचा?

आता खरी अडचण. महिन्याभरापूर्वी अमीर खाँसाहेबांचा मारवा ऐकत होतो, जुनं मोनो रेकॉर्डिंग. मोनो म्हणजे दोन्ही कानांत एकच सिग्नल, सगळं डोक्याच्या मधोमध यायला पाहिजे. खाँसाहेबांचा आवाज येतोच मध्ये, विलंबितात तर अगदी भुवयांच्या मध्ये बसल्यासारखा. पण तानपुऱ्याची जवारी, ती जी तारेवरून झिणझिण वर उठते ना, ती उजवीकडे सरकलेली. त्यांनी 'स' किंवा 'श' उच्चारला की तोही क्षणभर उजवीकडे जातो आणि परत येतो. एकदा लक्षात आल्यापासून मला गाणं ऐकूच येईना, नुसतं तेच ऐकू येतं. ग्राफवर तर डावा उजवा चॅनल एकमेकांवर इतके तंतोतंत बसलेत की एकच रेघ वाटते. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना फोन केला तर म्हणाले कंपनीत मशीनवर चेक होऊनच येतो माल, तुमच्या कानात दोष असेल.

वर अजून एक. माझ्या ताईनं घालून बघितलं तर ती म्हणते ट्रेबल चावतो, दहा मिनिटांत काढून ठेवलं. मला मात्र एकूण आवाज दबलेला वाटतो. मग ग्राफ कुणाचा खरा, तिचा की माझा? का ग्राफ बघणंच सोडून द्यायचं?

सुदामानगर_मापं

भिया तू इंदूरातच आहेस म्हणजे सोपं आहे, माझ्याकडे कपलर, म्हणजे मोजायचा नकली कान आहे, आयईएम घेऊन ये. पण तोवर ग्राफचं सांगतो कारण हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं आणि दर वेळी घाईत अर्धंच उत्तर दिलं जातं.

आयईएम मोजायला जो कपलर वापरतात त्याला सगळे ७११ म्हणतात. १९८१ साली आयईसी या विद्युत उपकरणांची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं ७११ नंबरचं स्टँडर्ड काढलं, पुढं ते ६०७११ झालं, त्यावरून ते नाव पडलं, २०१० पासून त्याचा नंबर ६०३१८-४ आहे पण बोलीत ७११ च राहिलं. दिसायला धातूची छोटी नळकांडी, एका टोकाला आयईएम खोचायचं, दुसऱ्या टोकाला जिथं कानाचा पडदा असायला पाहिजे तिथं माइक. गंमत मधल्या भागात आहे. मुख्य पोकळीला बारीक फटींनी दोन बाजूच्या पोकळ्या जोडलेल्या असतात, खालच्या सुरांना त्या पोकळ्यासुद्धा हवा देतात म्हणून कान मोठा वाटतो, सूर जसजसे वर जातात तसतशा फटी बंद झाल्यासारख्या होतात आणि कान लहान वाटतो. खऱ्या पडद्याचं वागणं साधारण असंच असतं, त्याची ती नक्कल आहे. पण ही नक्कल स्टँडर्डनुसार १०० हर्ट्झ ते १० किलोहर्ट्झ एवढीच धरायची. त्याच्या खाली आणि वर १६ किलोहर्ट्झपर्यंत त्यात माप घेता येतं, पण तिथं तो कान नाही, नुसती धातूची नळी आहे, हे स्टँडर्डमध्येच लिहिलेलं आहे. आणि लोक मात्र १५ किलोहर्ट्झवरची 'एअर' त्या ग्राफवर बोट ठेवून सांगतात, मला हे वाचून खरंच वाईट वाटतं कारण नवीन पोरं त्यावर पैसे घालतात.

आता तुझा ८ आणि साडेनऊ. आयईएमचं तोंड आणि माइक यांच्यात जी हवेची नळी उरते ती स्वतःच वाजते, बासरीसारखी. लांबी साधारण २१ मिलिमीटर उरली तर ८ किलोहर्ट्झच्या आसपास सुळका येतो, १८ उरली तर साडेनऊच्या आसपास. म्हणजे एकानं टिप, आयईएमच्या तोंडावरची मऊ टोपी, ३ मिलिमीटर जास्त आत ढकलली, एवढंच झालंय. बऱ्याच मापणाऱ्यांनी आपसात ठरवून टाकलंय की सुळका ८ वर येईल एवढंच आत घालायचं, म्हणजे एकाचं माप दुसऱ्याच्या मापाशी लावता येतं. त्यामुळं अशा साइटवर जवळजवळ प्रत्येक आयईएमला ८ वर सुळका दिसेल. तो त्या आयईएमचा गुण नाही, तेवढ्या खोलीवर नळीत उठणारा तो रेझोनन्स आहे. तुझ्या कानात तो ७ वर असेल, कुणाच्या ९ वर. कपलरची भिंत आणि माइक कडक, कानासारखं सूर पिऊन टाकणारं त्यात काही नाही, म्हणून तो सुळका दिसतो त्यापेक्षा कानात बसका असतो. मोजायची उपकरणं बनवणाऱ्या ग्रास कंपनीनं नंतर याच कारणासाठी डॅम्पिंग, म्हणजे सुळका बसवणारी सोय घातलेले कपलर काढले.

मी स्वतः एका आयईएमची मापं कशी घेतो ते सांगतो म्हणजे विश्वास कुठं ठेवायचा ते कळेल. एकदा घालून एकच रेघ काढून थांबत नाही. पाच वेळा पूर्ण बाहेर काढतो, पाच वेळा परत घालतो, आणि पाचही रेघा एकावर एक ठेवतो. १०० हर्ट्झपासून ५ किलोहर्ट्झपर्यंत त्या एकाच पेन्सिलनं काढल्यासारख्या येतात, अर्धा डेसिबल इकडे तिकडे. ६ नंतर फाटायला लागतात आणि ८ च्या वर केरसुणीसारख्या पसरतात, तीन चार डेसिबल सहज. माझा कपलर क्लोन आहे, चिनी, अस्सल ग्रास किंवा ब्रुएल अँड केअर कंपनीचा परवडणारा नाही. क्लोनच्या फटी तितक्या काटेकोर नसतात, म्हणून माझा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवू नका असं मी प्रत्येकाला सांगतो. पण माझ्याच टेबलावर मोजलेली दोन आयईएम एकमेकांशी लावून बघायला तो उत्तम आहे. तुझ्या डाव्या उजव्याला हेच लागू होतं, कपलर तोच, खोली तीच, माइक तोच, मग जो फरक उरला तो आयईएमचाच.

बासचं राहिलं. तिथं सील महत्त्वाचं, म्हणजे टिपनं कान घट्ट बंद होणं. टिप नीट बसली नाही आणि केसभर फट राहिली तरी खालचे सूर धाडकन पडतात. दुसरं म्हणजे बऱ्याच आयईएमला अंगावर सुईच्या टोकाएवढं भोक असतं, हवा सुटायला, ते कपलरच्या कडेला किंवा पुट्टीखाली दबलं की बास बदलतो. शिवाय दोन्ही ग्राफ कुठल्या फ्रिक्वेन्सीवर जुळवलेत ते बघ. एकानं १ किलोहर्ट्झवर जुळवला आणि दुसऱ्यानं ५०० वर तर तेच माप वर खाली सरकून निराळं दिसतं. स्मूदिंगही, म्हणजे रेघ किती गुळगुळीत केलीय तेही बघ, तिसरा हिस्सा ऑक्टेव्हचं स्मूदिंग लावलं की सुळके टेकड्या होतात.

जेलरोडवाला

ग्राफ सोडू नका हो. इथल्या डॉलर मार्केटमध्ये उभं राहून घालून बघायचं म्हणजे मागून हॉर्न, पुढून गाणी, काय डोंबल कळणार. माझी चार आयईएम निव्वळ ग्राफवरून घेतली आणि चारही जमली. फक्त एकाच मापणाऱ्याचे ग्राफ बघतो, त्याच्याकडे माझं आवडतं आयईएम आहे का ते बघतो आणि त्याच्याशी लावून ठरवतो. दोन वेगळ्या साइटचे ग्राफ शेजारी ठेवणं मी कधीच करत नाही.

@तारसप्तक_इंदूर तू कशावर लावून ऐकतोस? आणि ताईनं कशावर ऐकलं? हे सांग आधी, बीए असलेल्या आयईएमला ह्याचा फार फरक पडतो.

श्रवण_ताई

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, श्रवणयंत्रं बसवायचं काम करते, इंदूरलाच. हे कपलर मुळात आमच्या कामासाठी आले हे इथं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

श्रवणयंत्र तपासायला आमच्याकडे २ सीसीचा साधा कपलर असतो, तो ७११ पेक्षाही जुना. त्याची पोकळी यंत्र घातल्यावर उरणाऱ्या खऱ्या कानापेक्षा मोठी असते, त्यामुळं तेच यंत्र कपलरमध्ये कमी आवाज दाखवतं आणि माणसाच्या कानात जास्त देतं. मोठ्या माणसात फरक काही डेसिबलचा. पण माझ्याकडे आठ महिन्यांचं बाळ येतं तेव्हा त्या एवढ्याशा कानात वरच्या सुरांना १० डेसिबलच्या वर फरक पडतो. कपलरच्या आकड्यावर विसंबून यंत्र लावलं तर त्या बाळाला आपण जास्त आवाज ऐकवतो आणि ते सांगूही शकत नाही. म्हणून आम्ही कपलरवर थांबतच नाही. सिलिकॉनची बारीक नळी कानात घालतो, मोठ्या माणसाला कानाच्या तोंडाशी जी खाच असते तिथून साधारण २८ ते ३० मिलिमीटरवर खूण करून, म्हणजे टोक पडद्यापासून पाचेक मिलिमीटरवर येतं. मग वरून यंत्र घालतो आणि पडद्यापाशी खरोखर किती पोहोचतंय ते बघतो. याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. नळी थोडी बाहेर राहिली तर वरच्या सुरांचं माप खोटं पडतं. म्हणजे कानातसुद्धा एक दोन मिलिमीटर भोवतात, धातूच्या नळीत भोवले तर नवल नाही.

तेव्हा सुदामानगर दादांनी सांगितलं ते अगदी बरोबर आणि मी त्यात एवढंच घालते की ७११ हा सरासरी कान आहे. सरासरी कानाचा माणूस माझ्या खुर्चीवर अजून बसलेला नाही. कुणाची कानाची नळी सरळ, कुणाची नागमोडी, कुणाची पुढं चपटी. त्यात आपली उघडी नळी ३ किलोहर्ट्झच्या जरा अलीकडे मुळातच आवाज मोठा करते, आपण जन्मापासून तसंच ऐकत आलोय. आयईएमनं ती नळी बंद केली की ती मदत जाते, मग आयईएमवाल्याला तेवढा उंचवटा स्वतः द्यावा लागतो. ग्राफमध्ये ३ च्या आसपास जो डोंगर दिसतो तो याचा आहे, त्याला बघून घाबरू नका. पण तुमचा स्वतःचा डोंगर २.५ वर आहे की ३.२ वर, ते कपलरला कसं कळणार? ताईला चावतो आणि तुम्हाला नाही यात भांडण नाहीये, तुमचे दोघांचे कान वेगळे आहेत.

आता सरकणाऱ्या तानपुऱ्याचं. कृपा करून 'तुमच्या कानात दोष असेल' हे फोनवर ऐकून गप्प बसू नका आणि घाबरूनही जाऊ नका. सोपी तपासणी आहे. आयईएमची डावी बाजू उजव्या कानात आणि उजवी डाव्या कानात घाला. आकार उलटा असल्यानं नीट बसणार नाही, हातानं दाबून धरा पण बास पूर्ण यायला पाहिजे म्हणजे सील झालं. तेच रेकॉर्डिंग लावा. जवारी आता डावीकडे गेली तर दोष आयईएममध्ये. उजवीकडेच राहिली तर प्रश्न कानाकडे, मग दुसरा कुठलाही इअरफोन लावून परत बघा. तेव्हाही उजवीकडेच असेल तर तपासून घ्या, बरेचदा नुसता मळ असतो, पण काडी घालून स्वतः काढू नका, तो आत ढकलला जातो. आणि एक सगळ्यांसाठी लिहून ठेवते. एका कानाला अचानक, एक दोन दिवसांत कमी ऐकू यायला लागलं तर आयईएम, ग्राफ सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. त्यात उशीर झाला तर गेलेलं ऐकणं परत येणं अवघड होतं. तुमचं महिन्याभरापासून आहे म्हणताय, तरी ही अदलाबदल, स्वॅप, आजच करा.

मंचामागे_ग्वाल्हेर

मी ग्वाल्हेरला लाइव्ह साउंड करतो, वीसेक वर्षं झाली. सगळ्यांचं वाचलं, पटलं, तरी एक बोलतो. ग्राफमध्ये माणूस नसतो. मी एकदा ग्राफ बघून गायकांसाठी सहा नग घेतले, एकाच मॉडेलचे. साउंडचेकला सगळे खूश. कार्यक्रमात तार षड्जावर गेले की तक्रार, तानपुऱ्याचा खर्ज जातोय, तबल्याचा बायाँ जातोय. मी मिक्सरवर शोधतोय, केबल बदलतोय, बॅटऱ्या बदलतोय. शेवटी एका बाईंच्या शेजारी उभा राहिलो आणि कळलं. त्या तोंड उघडून आकारात वर गेल्या की जबडा हलतो, जबड्याबरोबर कानाची नळी रुंदावते, टिप सुटते, आणि बास जातो. तोंड मिटलं की परत येतो. कपलरला जबडा नसतो ना! तेव्हापासून गायकांना फोमची टिप देतो, दाबून घातल्यावर आत फुलते ती, आणि नुसतं बोलून नाही तर आ करून चेक करायला लावतो. ज्यांचं रोजचं काम आहे त्यांना कानाचा साचा काढून बनवून घ्यायला सांगतो, तोही तोंड उघडं ठेवून काढलेला साचा.

सकाळी पोहे खाता खाता आयईएम लावून बघा कुणीही, प्रत्येक घासाला बास आत बाहेर होईल.

मला विचाराल तर तानपुरा हेच माप आहे. दोन तानपुरे जवारी लावून समोर ठेवलेले ज्यानं ऐकलेत त्याला आयईएम कुठं खोटं बोलतंय ते एका मिनिटात कळतं. ग्राफ शिकायला सहा महिने लागतात, त्यापेक्षा ते सहा महिने तानपुऱ्यासमोर बसा.

तारसप्तक_इंदूर

सगळ्यांचे खूप आभार, एवढं लिहिलंत. स्वॅप करून बघितलं, तीन वेळा केलं कारण विश्वास बसेना. जवारी डावीकडे गेली! म्हणजे कान ठीक आहे आणि आयईएमच गडबड आहे, मला इतकं बरं वाटलं की काय सांगू, महिनाभर मनात भलतंच येत होतं, गाणं शिकणाऱ्या माणसाला कानाबद्दल शंका आली की झोप लागत नाही.

@जेलरोडवाला मी टेबलावरच्या जुन्या हेडफोन ॲम्पवर ऐकतो, मित्राचा आहे. ताईनं फोनला डोंगल, म्हणजे छोटा बाहेरचा ॲम्प लावून ऐकलं होतं. याचा संबंध आहे का?

सुदामानगर_मापं

संबंध आहे, आणि ताई आणि तू दोघंही खरं बोलत होता असं निघेल बघ. ॲम्पच्या आत स्वतःचा एक रोध असतो, आउटपुट इम्पीडन्स. तो आणि आयईएम मिळून व्होल्टेज वाटून घेतात. एकच डायनॅमिक ड्रायव्हर असेल तर आयईएमचा रोध सगळीकडे जवळजवळ सारखा असतो, मग सगळे सूर सारखेच कमी होतात, टोन बदलत नाही. पण बीए आणि क्रॉसओव्हर, म्हणजे सूर ड्रायव्हरांत वाटून देणारं सर्किट आले की रोध प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा.

हिशेब करून दाखवतो. समज मधल्या सुरांना तुझं आयईएम ३० ओहम आहे आणि ट्रेबलला ८ ओहम. ॲम्प १० ओहमचा असेल तर ३० वाल्या भागाला ४० पैकी ३० मिळतात, म्हणजे २.५ डेसिबल कमी. ८ वाल्या भागाला १८ पैकी ८, म्हणजे ७ डेसिबल कमी. दोघांतला फरक साडेचार डेसिबल, ट्रेबल तेवढा बसला. डोंगल १ ओहमचा असेल तर हाच फरक पाऊण डेसिबलच्या आत राहतो. तू दबलेलं ऐकत होतास, ताई चावरं ऐकत होती, आणि साइटवर ग्राफ काढणाऱ्यानं बहुधा कमी रोधाच्या सोर्सवर काढला असणार. आयईएम तेच, ग्राफही तोच, फक्त तुझ्या टेबलावर तो लागू नव्हता. तो ॲम्प आणि आयईएम दोन्ही घेऊन ये, मोजूनच बघू.

@मंचामागे_ग्वाल्हेर काका, जबड्याचं तुम्ही सांगितलंत ते सोन्यासारखं आहे, मी आजपर्यंत कुठल्याही मापणाऱ्याकडून ऐकलं नव्हतं. पण तानपुऱ्याबद्दल थोडं वेगळं म्हणतो, राग मानू नका. तानपुऱ्यानं काहीतरी चुकतंय हे कळलं, कारण याचा कान तयार आहे. कुठं चुकतंय आणि किती, ते त्यातून कळत नाही. ४ किलोहर्ट्झवर पडलंय की ७ वर, २ डेसिबल की ६, ते कळल्याशिवाय दुरुस्ती काय करणार? आणि कान सवयीनं जुळवून घेतो. पंधरा दिवस दबलेलं ऐकलं की तेच बरोबर वाटायला लागतं, मग बरोबर असलेलं चावरं वाटतं. माइक असा सरावत नाही.

आणि एक, टार्गेटबद्दल, म्हणजे ग्राफ कसा असावा ते दाखवणाऱ्या आदर्श रेघेबद्दल कुणी विचारलं नाही तरी सांगून टाकतो कारण ग्राफ बघणारे सगळे त्या करड्या रेघेकडेच बघतात. हर्मन या ऑडिओ कंपनीची रेघ तिथले संशोधक शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुष्कळ लोकांना ऐकवून, त्यांची आवड विचारून काढली, आयईएमसाठीची २०१७ ची आहे आणि मग २०१९ ची. ती बहुतेकांना काय आवडलं त्याची सरासरी आहे, आणि ७११ जातीच्या कपलरवर बसवलेली आहे. ब्रुएल अँड केअरचं नवीन ५१२८, मोजायचं नकली डोकं, निराळं आहे, त्याचा कान माणसाच्या कानाच्या जास्त जवळ आहे आणि २० किलोहर्ट्झपर्यंत जातो, त्यावर बास आणि ट्रेबलचे आकडे ७११ पेक्षा वेगळे येतात. ५१२८ वरच्या मापावर ७११ ची हर्मन रेघ ठेवून 'बास कमी आहे' म्हणणारे मी रोज बघतो, ते चूक आहे. माप ज्या कपलरचं, टार्गेटही त्याच कपलरचं पाहिजे.

मंचामागे_ग्वाल्हेर

राग कसला. माझ्याकडे मोजायला कधी काही नव्हतं म्हणून कानावरच भागवलं, हे खरं आहे. त्या सहा नगांचे तीन अजून आहेत, दिवाळीत इंदूरला सासरी येतो तेव्हा आणतो, मोजून दे.

तारसप्तक_इंदूर

काल संध्याकाळी दादांकडे जाऊन आलो. सगळं नीट लिहितो कारण पुढं कुणाला उपयोग होईल.

आधी कूलर बंद करायला लावला, मला वाटलं आयईएम तर नळीत बंद आहे, बाहेरच्या आवाजाचा काय संबंध, पण कूलरची थरथर टेबलातून कपलरमध्ये जाते आणि ३० हर्ट्झच्या आसपास रेघ थरथरते, त्यांनी मुद्दाम चालू करून दाखवलं. मग कपलरखाली घडी घातलेला टॉवेल. स्वीप, म्हणजे खालून वर सरकत जाणारा चाचणीचा सूर, लांब ठेवला, लांबी दुप्पट केली की गोंगाटाच्या मानानं ३ डेसिबल फायदा होतो म्हणाले. डावी बाजू पाच वेळा, उजवी पाच वेळा, दर वेळी सुळका ८ वर येईपर्यंत टिप केसाकेसानं आत सरकवत. ते बघताना कळलं की त्या ग्राफची एक रेघ काढायला किती जीव लावावा लागतो.

२ किलोहर्ट्झपर्यंत दोन्ही बाजू एकच. ३ पासून डावी खाली यायला लागली आणि ६ ला पूर्ण ५ डेसिबल खाली! पाचही वेळा. माझा तानपुरा तिथं होता तर. मग दादांनी भिंगातून डाव्या आयईएमच्या तोंडावरची जाळी दाखवली. उजवीची जाळी चाळणीसारखी, भोकं न भोकं वेगळं. डावीच्या जाळीवर एका बाजूला पिवळट पापुद्रा, अर्धी जाळी लिंपल्यासारखी. कानाचा मळ. साध्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, मी रोज पुसत होतो! नळीचं तोंड खाली धरून मऊ ब्रशनं झाडलं म्हणजे सुटलेलं आत जात नाही, मग चिकट पुट्टी हलकेच दाबून उचलली, दोन तीनदा. तरी कोपरा निघेना म्हणून शेवटी जाळीच बदलली, त्यांच्याकडे तयार मिळतात त्या होत्या. परत मोजलं. ८ पर्यंत दोन्ही बाजू एक डेसिबलच्या आत.

ॲम्प मोजला तर ११ ओहम निघाला. घरी येऊन डोंगलवर ऐकलं आणि पहिल्यांदाच ताईचं म्हणणं पटलं, 'स' खरंच टोचतो. दादांनी सांगितलं होतं तसं आवाज अगदी बारीक ठेवून साइन स्वीप हातानं हळूहळू फिरवला. ८ ला काही विशेष नाही, ७.३ ला एकदम टोचतं. ग्राफमधला सुळका माझ्या कानात तिथं आहे. तिथं ईक्यूमध्ये (सूर कमीजास्त करायच्या सेटिंगमध्ये) अरुंद पट्ट्यात ४ डेसिबल कमी केले. ताईच्या कानात तो ८.६ च्या आसपास निघाला, तिनं स्वतः फिरवून शोधला, तिचं वेगळं प्रीसेट केलंय.

रात्री परत मारवा लावला. तानपुरा मध्ये आहे, खाँसाहेबांच्या मागे बसलेला.

ज्यांच्याकडून घेतलं त्यांना मी फोन करून सांगितलं की मशीनवर चेक झाला तेव्हा बरोबरच असेल, पण वापरात जाळी लिंपते हे गिऱ्हाइकाला सांगत जा आणि सोबत दोन जास्तीच्या जाळ्या देत जा. हो म्हणाले.

@श्रवण_ताई मळ एवढा जाळीवर येतोय म्हणजे डाव्या कानात असणारच ना? दाखवायला आलो तर चालेल का, तसंही एकदा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख काढून ठेवावा म्हणतो.

श्रवण_ताई

जरूर या. डॉक्टरांकडून आधी मळ काढून घ्या, त्याच दिवशी ऑडिओग्राम करू. येण्याआधी आदला पूर्ण दिवस मोठ्या आवाजात काही ऐकू नका, रियाजालाही तानपुऱ्याचा स्पीकर हळू ठेवा, नाहीतर थकलेल्या कानाचं माप निघेल. आणि ताईलाही आणा, दोघांच्या कानात नळी घालून ३ किलोहर्ट्झचा डोंगर खरोखर कुठं आहे ते बघू, मलाही बघायचंय.